रेकॉर्ड कंप्युटरवर जाऊ दे, पण चावी पेशंटकडे राहू दे

मागच्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत जड व्हायला लागलं. वय ७४. गाडीत घातलं, हॉस्पिटलला नेलं, ईसीजी काढला, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांचा जुना ईसीजी आहे का?"

होता ना. माझं स्वतःचं मेडिकल आहे नाशिकला पेठ नाक्याच्या बाजूला, वीस वर्षं औषधं देतोय, त्यामुळे घरातल्या माणसांचे कागद मी पिशवीत कोंबून ठेवत नाही, प्रत्येकाची वेगळी फाईल लावलेली आहे. बायको घरून फाईल घेऊन आली, पान काढलं, त्यावर २०१४ ची पट्टी चिकटवलेली आणि पट्टी कोरी. पांढरीफेक. कडेला कुठंतरी एक करडी रेघ दिसतेय न दिसतेय. ईसीजीचा कागद थर्मल असतो, बसच्या तिकिटासारखा, उष्णतेनं उमटतो आणि वर्षं गेली की उडतो. त्यात मी जपून राहावा म्हणून वरून सेलोटेप लावला होता, त्या गोंदानं तो अजूनच लवकर उडाला.

डॉक्टरांना तो का पाहिजे होता ते सांगतो. बाबांच्या ईसीजीत एलबीबीबी दिसत होता, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला करंट जातो त्या वाटेवर ब्लॉक. हा ब्लॉक जुना असेल तर माणूस त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगतो, पण छातीत दुखतंय आणि ब्लॉक नवा आहे असं असेल तर तो अटॅक धरून पळापळ करावी लागते. मला अंधुक आठवत होतं की २०१४ ला पण डॉक्टर असंच काहीतरी बोलले होते, पण मुलाच्या आठवणीवर कोण ट्रीटमेंट ठरवणार, आणि ठरवू पण नये. रात्रीतच अँजिओग्राफी झाली, नसा मोकळ्या निघाल्या, दोन दिवस आयसीयूत ठेवलं आणि घरी सोडलं. डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं. पण ७४ वर्षांच्या माणसाला, ज्याचं क्रिएटिनिन आधीच काठावर आहे, म्हणजे किडनी नाजूक आहे, त्याला अँजिओग्राफीसाठी किडनीवर ताण आणू शकणारं डायचं इंजेक्शन द्यावं लागलं, आणि एक कागद वाचता आला असता तर कदाचित ते टळलं असतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबा घरी आल्यावर मी २०१४ ला जिथं अ‍ॅडमिट केलं होतं तिथं गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिनं शोधलं, म्हणाली तीन वर्षांच्या वरचे पेपर आम्ही ठेवत नाही. नियम पण तेवढाच आहे, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात तीन वर्षं रेकॉर्ड ठेवा आणि पेशंटनं मागितलं तर ७२ तासांत द्या असं लिहिलंय, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण नाव टाकल्यावर तिच्या स्क्रीनवर बाबांचं जुनं बिल मात्र आलं. रूम, नर्सिंग, सलाईन, आणि एका ओळीत ईसीजी, नग दोन. दोन ईसीजीचे पैसे घेतल्याची नोंद होती आणि ईसीजी नव्हते.

त्या दिवसापासून मला असं ठाम वाटायला लागलंय की आपल्याकडे मेडिकल रेकॉर्ड कंप्युटरवर आलं असं जे म्हणतात ते अर्धं खरं आहे. बिल कंप्युटरवर आलंय. कॅशलेससाठी इन्शुरन्सवाल्यांना काय पाठवायचं ते आलंय, महात्मा फुले योजनेच्या मंजुरीला लागणारे फोटो आणि रिपोर्ट आलेत, कारण तिथं पैसे अडकलेले असतात. पण पुढच्या डॉक्टरला रात्री दोन वाजता जे लागणार आहे ते अजून आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कॅनडा कॉर्नर घ्या, मुंबई नाका घ्या, कुठल्याही हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये बसून बघा, प्रत्येक माणसाच्या मांडीवर ती पिशवी असते, त्यात एक्स-रे दुमडलेला, रिपोर्ट चहा सांडलेले, आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर ती पूर्ण टेबलावर ओतायची.

म्हणून आधी स्पष्ट सांगतो, मी कंप्युटरच्या बाजूनं आहे. आणि आमच्या जिल्ह्याला तर त्याची जास्त गरज आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूची माणसं निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला उतरतात, अख्खं कुटुंब मळ्यावर राहायला जातं. आता यातल्या एखाद्याला टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स चालू असेल तर पूर्वी काय व्हायचं, कार्ड गावच्या पीएचसीत आणि माणूस पिंपळगावला, गोळ्या संपल्या की कोर्स तुटला, आणि टीबीत कोर्स तुटणं म्हणजे पुढच्या खेपेला त्याच गोळ्या लागू न पडण्याची भीती. आता सरकारच्या टीबीच्या निक्षय पोर्टलला त्याचा नंबर असतो, तो नंबर सांगितला की दुसऱ्या सरकारी दवाखान्यात पण त्याचा कोर्स किती झाला ते दिसतं आणि तिथून पुढं चालू करता येतो. ही मोठी गोष्ट आहे. रेकॉर्ड माणसाच्या मागं चालत गेलं की किती फरक पडतो ते यातून कळतं.

सिकलसेलचं पण तेच. आदिवासी तालुक्यांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार आहे, २०२३ च्या जुलैपासून देशभर त्याचं मिशन चालू झालंय, तपासण्या होतायत. सिकलसेलचं पोर अंगदुखीनं तळमळत रात्री शहरात आलं तर त्याला काय आहे हे समोरच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटाला कळायला पाहिजे, नाहीतर साधी अंगदुखी म्हणून एक इंजेक्शन देऊन परत पाठवलं जातं. तिथं रेकॉर्ड स्क्रीनवर उघडणं म्हणजे जीव वाचणं आहे.

आणि अक्षराचं तर मी काय सांगू. २०१६ ला मेडिकल कौन्सिलनं सांगितलं की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, तरी माझ्या काउंटरवर रोज अशा चिठ्ठ्या येतात की शेजारच्या मेडिकलवाल्याला फोटो पाठवून विचारावं लागतं. अमेरिकेत लोसेक नावाचं अ‍ॅसिडिटीचं औषध लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या गोळीशी गोंधळायला लागलं, तेव्हा १९९० मध्ये कंपनीनं त्याचं नावच बदलून प्रायलोसेक केलं. हातानं लिहिलेल्या दोन अक्षरांचा घोळ एवढा महाग पडतो. तर छापील प्रिस्क्रिप्शन यायला लागलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

पण छापील कागदाची एक वेगळीच भीती आहे आणि ती मी स्वतः बघितलीय.

एक बाई आमच्याकडं कित्येक वर्षं येतात, त्यांना संधिवात आहे, त्यावर मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी खाली जातात, माणूस दगावू पण शकतो. जुन्या चिठ्ठीवर त्यांचे डॉक्टर हातानं लिहायचे, फक्त रविवारी, आणि रविवारच्या खाली दोन रेघा मारायचे. मग त्या क्लिनिकमध्ये सॉफ्टवेअर आलं. पुढच्या वेळी बाई छान छापलेला कागद घेऊन आल्या, क्लिनिकचा लोगो, बाईंचं नाव, वय, सगळं व्यवस्थित, आणि मेथोट्रेक्सेटसमोर १-०-०, ३० दिवस, म्हणजे रोज सकाळी एक. एवढं स्वच्छ छापलेलं होतं की माझ्या पोरानं ३० गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या पण. मी नेमका मागून आलो, बाईंना ओळखत होतो म्हणून कागद परत वाचला, क्लिनिकला फोन लावला. डॉक्टर फोनवर आले, दोन सेकंद गप्प झाले, म्हणाले, "अरे बापरे, थांबवा, देऊ नका." सॉफ्टवेअरमध्ये औषध निवडलं की पुढं १-०-० आपोआप यायचं, आणि गर्दीत ते बदलायचं राहिलं.

आता विचार करा, तीच चूक हातानं लिहिलेली असती तर माझ्या पोरानं पण दोनदा विचारलं असतं, कारण हाताच्या अक्षरावर आपण संशय घ्यायला शिकलोय. छापलेलं दिसलं की आपण मान खाली घालतो. पेशंट पण घालतो, नर्स पण घालते. आणि कंप्युटरमधली चूक एका कागदावर थांबत नाही, पुढच्या व्हिजिटला मागचंच कॉपी करून टाकलं की ती चूक परत छापली जाते, तिथून डिस्चार्ज कार्डवर जाते, तिथून दुसऱ्या हॉस्पिटलला जाते, आणि चार ठिकाणी एकच गोष्ट छापलेली दिसली की कुणालाही वाटणार बरोबरच असेल. चार डॉक्टरांनी लिहिलंय असं दिसतं, लिहिलेलं एकानंच असतं, ते पण घाईत.

म्हणून माझं म्हणणं आहे की रेकॉर्ड पेशंटला वाचता आलं पाहिजे, आणि वाचता येणं म्हणजे मराठीत. औषधाचं नाव इंग्रजीत राहू दे, आम्हाला पण ते सोपं पडतं, पण त्याच्या खाली एक ओळ मराठीत छापा, "ही गोळी फक्त रविवारी, एकच". सॉफ्टवेअरला हे अवघड नाही. ती ओळ असती तर त्या बाईंनीच क्लिनिकमधून निघायच्या आधी विचारलं असतं की डॉक्टर, रोजची कशी काय झाली. चूक पकडणारा सगळ्यात जवळचा माणूस तोच आहे ज्याचं शरीर आहे, आणि आपण त्यालाच बाहेर ठेवलंय.

आता आभा कार्डाकडं येतो, कारण याच्याबद्दल काउंटरवर मला रोज कोणी ना कोणी विचारतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यात १४ आकडी नंबर मिळतो, तोच आभा. लोकांचा समज असा की आपली सगळी फाईल दिल्लीत एका कंप्युटरमध्ये जाऊन बसते. तसं नाहीये. रेकॉर्ड ज्या हॉस्पिटलनं तयार केलं त्यांच्याकडंच राहतं, नंबर फक्त ते जोडतो, आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचं असेल तर तुमची परवानगी लागते, ती किती दिवसांची द्यायची ते तुम्ही ठरवायचं आणि नंतर काढून पण घेता येते. नंबर काढणं सक्तीचं पण नाही. कागदावर ही रचना चांगली आहे, मी ती नावाजतो.

पण परवानगी येते कशी, तर मोबाईलवरून, बऱ्याचदा ओटीपीनं. आणि ओटीपी येतो कुणाच्या मोबाईलवर? इथं सगळं अडतं. आमच्याकडं येणाऱ्या किती बायकांचा स्वतःचा मोबाईल आहे? नवऱ्याचा नंबर, मुलाचा नंबर, कधी शेजाऱ्याचा नंबर. केसपेपर काढताना खिडकीतून आवाज येतो, "ओटीपी सांगा", मागं चाळीस जणांची लाईन असते, बाई फोन करून नवऱ्याला विचारते, नवरा आकडे सांगतो, झाली परवानगी. कशाची दिली, किती दिवसांची दिली, तिला कोणी सांगितलं नाही. आणि पुढं तिचे रिपोर्ट आले की ते कुणाच्या फोनवर दिसणार? गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट आहे की त्या बाईचं नाव गुप्त ठेवायचं. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, त्यात पण गुप्ततेची तरतूद आहे. कायदा दारावर पहारा देतोय आणि रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाईलवर टिंग करून येतोय, असं झालं तर त्या बाईनं कुठं जायचं? ती दवाखान्यातच जाणार नाही. सिकलसेलचं पण लक्षात घ्या, मुलीच्या रक्तात तो आहे हे चुकीच्या माणसाला कळलं की तिचं लग्न मोडतं. जे रेकॉर्ड एका रात्री तिचा जीव वाचवणार, तेच दुसऱ्या हातात पडलं तर तिचं आयुष्य अडवणार.

कागदाची फाईल चोरीला गेली तर एक फाईल जाते. कंप्युटरचं तसं नाही. २०२० मध्ये फिनलंडमध्ये वास्तामो नावाच्या मानसोपचार केंद्राचं रेकॉर्ड चोरलं गेल्याचं बाहेर आलं, आणि एकेका पेशंटला मेल पाठवून धमकावलं गेलं की पैसे दे नाहीतर डॉक्टरला काय काय सांगितलंस ते जाहीर करतो. आपल्याकडं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला, कितीतरी दिवस ओपीडी, लॅब, सगळं हातानं लिहून चालवावं लागलं. एम्सची ही गत तर तालुक्याच्या दवाखान्यात जिथं एकच कंप्युटर आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतो तिथलं काय. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, दंड २५० कोटीपर्यंत आहे, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. दंड मोठा आहे, चांगलंय, पण दंड भरून गेलेली गोष्ट परत गुप्त होत नाही.

डॉक्टरांची बाजू पण आहे आणि ती खोटी नाही. एका फॅमिली डॉक्टरांशी मी यावर बोललो, ते म्हणाले, "मी टाईप करत बसलो तर पेशंटचा चेहरा कधी बघू? माझं निम्मं निदान पेशंट दारातून चालत येतो त्यातच होतं." २०१६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात निघालं की डॉक्टर पेशंटसोबत एक तास घालवतो तर जवळपास दोन तास कंप्युटर आणि कागदी कामात जातात. आपल्याकडं एका ओपीडीत शंभर-शंभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरनं कसं करायचं? आशाताई आणि नर्सताईंचं तर अजून वाईट, त्या रजिस्टर पण भरतात आणि अ‍ॅप पण भरतात, कोटंबी घाटाच्या पलीकडं रेंज नसली की घरी येऊन रात्री भरतात. कंप्युटर आणायचा असेल तर रजिस्टर काढून घ्या, आणि टाईप करायला माणूस द्या. डबल काम लादून मिळालेला डेटा खरा नसतो, थकलेला माणूस रकाना भरून मोकळा होतो.

तरी मी कागदाकडं परत जा असं म्हणणार नाही, कारण त्या कोऱ्या पट्टीनं मला काय दाखवलं ते मी विसरलेलो नाही. माझी मागणी एवढीच की जे कंप्युटरमध्ये जातं ते पेशंटला घरी जायच्या आधी मिळालं पाहिजे, न मागता, न हात जोडता. ईसीजीची साधी झेरॉक्स काढून द्या, ती उडत नाही, पाच रुपयांचं काम आहे. दुसरं म्हणजे माझं रेकॉर्ड कोणी उघडलं ते मला दिसू दे. एस्टोनिया नावाचा छोटासा देश आहे, नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, तिथं २००८ पासून देशभराचं हेल्थ रेकॉर्ड कंप्युटरवर आहे आणि कोणता डॉक्टर कधी आत येऊन गेला ते पेशंटला स्वतः बघता येतं. आपल्याकडं बँकेतून दोनशे रुपये निघाले तरी मेसेज येतो, मग माझ्या आजाराची फाईल उघडल्यावर का येऊ नये, आणि तो मेसेज ज्याचा आजार आहे त्याच्याच नंबरवर, घरातल्या कर्त्या माणसाच्या नाही. ज्यांच्याकडं फोनच नाही त्यांच्यासाठी अंगठा, कार्ड, काहीतरी दुसरी सोय काढा. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, डॉक्टर-नर्स होणाऱ्या पोरांना नोंद कशी करायची आणि कॉपी-पेस्ट का नाही करायचं हे पहिल्या वर्षापासून शिकवायला काय हरकत आहे.

२०२७ ला सिंहस्थ येतोय. रामकुंडावर आणि त्र्यंबकला देशभरातून म्हातारी माणसं येणार, त्यातल्या कित्येकांना बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणार, भाषा कळणार नाही, बरोबरची माणसं गर्दीत हरवणार. रस्त्यांची आणि घाटांची चर्चा रोज ऐकतो, तेवढीच चर्चा यावर व्हावी की बेशुद्ध माणूस समोर आला तर त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि काय चालू आहे हे कसं कळणार, कारण बेशुद्ध माणूस ओटीपी सांगत नाही.

गेल्या बुधवारी पेठकडच्या एक मावशी आल्या होत्या, बुधवारच्या बाजाराला आल्या की माझ्याकडून बीपीच्या गोळ्या नेतात. पिशवी काउंटरवर ठेवली, म्हणाल्या, "भाऊ, एवढे कागद वागवून हात दुखतो, ते मोबाईलमधलं कार्ड काढून दे ना." मी त्यांना बसवलं, ते काय असतं, परवानगी कशी द्यायची, कधी नाही म्हणायचं, सगळं सावकाश सांगितलं, त्यांनी बरोबर प्रश्न विचारले. मग आधार नंबर टाकला. ओटीपी गेला त्यांच्या मुलाच्या फोनवर, तो पिंपळगावला मळ्यात. तीनदा फोन लावला, उचलला नाही, तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. मी त्यांचे मागचे तीन ईसीजी शेजारून झेरॉक्स करून आणले, प्रत्येकावर पेनानं तारीख टाकली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवले. मावशी म्हणाल्या, पोरगा दिवाळीला घरी येईल तेव्हा घेऊन येते त्याला.